बंद नोंद उघडणारा हात कोणाचा? निनावीपणा आणि माग यांविषयी

नोंदवही :

मी एका रुग्णालयाच्या अभिलेख विभागात अकरा वर्षे काम करते आहे. गेल्या महिन्यात चौकशी अधिकाऱ्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर एकच ओळ छापलेली होती : तारीख, दुपारचे २ वाजून १७ मिनिटे, माझा लॉगिन क्रमांक, एका रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि शेवटी ‘पाहिले’ हा शब्द. तो रुग्ण आमच्याच रुग्णालयातील एक कर्मचारी होता आणि त्याच्या रक्तचाचणीचा निष्कर्ष चार दिवसांत सर्वतोमुखी झाला होता.

२ वाजून १७ मिनिटांनी मी तळघरात एक जुनी कागदी फाइल शोधत होते. मात्र माझा पासवर्ड विभागातील आणखी तिघांना ठाऊक होता. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने आत शिरायचे म्हटले, तर यंत्र दरवेळी पाच-सहा मिनिटे खाते आणि खिडकीपुढची रांग वाढत जाते; म्हणून सकाळी जो पहिला येईल त्याच्या लॉगिनवर दिवसभर सगळ्यांनी काम उरकायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. ती चुकीची होती, हे मला मान्य आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा लॉग (कोणत्या लॉगिनवर केव्हा काय उघडले याची यंत्राने ठेवलेली यादी) नोंद कोणी पाहिली हे सांगतो, की केवळ कोणाची किल्ली वापरली गेली एवढेच सांगतो? आणि ज्याची नोंद उघडली गेली, त्या माणसाला उघडणाऱ्याचे नाव कळण्याचा हक्क असावा का? आम्ही आत बसून क्षणाक्षणाला नोंदले जातो आणि बाहेरचा माणूस इंटरनेटवर नाव लपवून हवे ते पाहतो, असे मला आजवर वाटत आले आहे. तेही खरे की खोटे, हे जाणकारांनी सांगावे.

कुलूपकिल्ली :

लॉग किल्ली सांगतो, हात सांगत नाही. मी सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो, त्यामुळे अशा चौकश्यांत मला वारंवार बोलावले जाते, आणि दरवेळी पहिली अर्धी घटका हेच समजावण्यात जाते.

तुम्हाला दाखवलेली ओळ हा उतारा आहे, मूळ लॉग नव्हे. मूळ लॉग मागा. त्यात कोणत्या संगणकावरून विनंती आली त्याचा पत्ता असतो, ते सत्र (लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा काळ) केव्हा सुरू झाले याची वेळ असते, आणि त्याच सत्रात आधी-नंतर कोणत्या नोंदी उघडल्या गेल्या त्यांचा क्रम असतो. तुमच्या लॉगिनवर २ वाजून १५ मिनिटांनी खिडकीवरच्या एखाद्या रुग्णाची पावती निघाली असेल आणि १९ व्या मिनिटाला दुसऱ्याची निघाली असेल, तर मधली नोंद खिडकीवर बसलेल्या माणसानेच उघडली, हे उघड आहे.

दुसरे म्हणजे, घड्याळे तपासा. सर्व्हरचे घड्याळ आणि दाराच्या कार्डयंत्राचे घड्याळ एकाच ठिकाणाहून वेळ घेत नसेल, तर दोन्हींत काही मिनिटांची तफावत सहज पडते. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत लिहितात आणि उतारा काढणारा ती वेळ स्थानिक वेळेत बदलताना गोंधळ घालतो. एका प्रकरणात, ज्या माणसावर ठपका ठेवायचा तो त्या वेळी नोकरीवर हजरच झालेला नव्हता, आणि हे लक्षात यायला आम्हाला तीन दिवस लागले.

निरुत्तर :

थोडक्यात, दूध दुसऱ्याच मांजराने प्यायले आणि मिशा मात्र तुमच्या भिजलेल्या दाखवल्या.

आडवाट :

ही चर्चा सुरू करणाऱ्या मूळ धागाकर्तीच्या, म्हणजे नोंदवही यांच्या, शेवटच्या शंकेशी मी सहमत आहे. प्रामाणिकपणे आपल्या नावाने आत शिरणारा कर्मचारी तेवढा सापडतो. ज्याला खरोखरच चोरून पाहायचे आहे तो ब्राउझरची खाजगी खिडकी उघडतो, व्हीपीएन घेतो किंवा टोर नावाचे जाळे वापरतो, आणि मग त्याचा माग काढणे कोणाच्याही बापाला शक्य नसते. तेव्हा या सगळ्या लॉगांचा जाच गरीब कारकुनालाच.

सात_पडदे :

आडवाट, आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, त्या सोडवून पाहू.

ब्राउझरची खाजगी खिडकी तुमच्या स्वतःच्या यंत्रावरचा इतिहास पुसते, त्यापलीकडे काही करत नाही. समोरच्या सर्व्हरला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेला क्रमांक) पूर्वीइतकाच दिसतो. व्हीपीएन तो पत्ता झाकते, परंतु झाकणारी कंपनी तुम्हाला ओळखते. म्हणजे विश्वास इंटरनेट पुरवणाऱ्यावरून उचलून व्हीपीएनवाल्यावर ठेवला, एवढाच फरक.

टोरची रचना निराळी आहे. तिच्यामागची कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली आणि जाळे २००२ मध्ये चालू झाले. तुमची विनंती साधारणपणे तीन थांब्यांतून जाते : पहिल्याला तुम्ही कोण ते कळते पण कोठे जाता ते कळत नाही, शेवटच्याला मुक्काम कळतो पण प्रवासी कळत नाही, आणि मधल्याला दोन्ही कळत नाही. हे उत्तम आहे. पण लपणे गर्दीवर अवलंबून असते. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टोरमधून, वापरून टाकायच्या ईमेल पत्त्यावरून, बॉम्बच्या धमक्या पाठवल्या. टोर कोणी फोडले नाही. तपास करणाऱ्यांनी विद्यापीठाच्या वायफायच्या नोंदींत त्या सुमारास टोरला कोण जोडले गेले होते एवढेच पाहिले, आणि तो विद्यार्थी दारात येऊन उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्यांपुढे कबूल झाला.

आता प्रतिबंधित नोंदीकडे वळू. ती उघडण्यासाठी कोणाचे तरी लॉगिन लागतेच. तोंडावर सात पडदे घेऊन दारापर्यंत आलात, तरी दारात नाव सांगावे लागते. आणि स्वतःचे सांगायचे नसेल तर दुसऱ्याचे चोरावे लागते. म्हणून बाहेरच्या चोराच्या लॉगमध्येही बहुधा एखाद्या नोंदवहीताईंचेच नाव उमटते.

आडवाट :

मग तर माझाच मुद्दा सिद्ध झाला. जाच शेवटी त्यांनाच.

कुलूपकिल्ली :

जाच झाला तो पासवर्ड वाटून घेतल्यामुळे. त्यात लॉगचा काय दोष?

सात_पडदे यांच्या प्रतिसादात एक पुरवणी जोडतो. आयपी पत्ता म्हणजे घराचा क्रमांक, असा लोकांचा समज असतो, तो आता फारसा खरा राहिलेला नाही. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहकांना बसवतात. नेमका ग्राहक शोधायचा तर पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखू देणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि पुष्कळ सर्व्हर पोर्ट क्रमांक लिहूनच ठेवत नाहीत. त्यामुळे काही वेळा गुन्हेगार सुटतो तो त्याच्या हुशारीमुळे नव्हे, लॉगमध्ये एक रकाना कमी असल्यामुळे.

अल्पविराम :

मी आयुष्यभर ग्रंथालयात आणि नंतर एका अभिलेखागारात काम केले. या दोन ठिकाणच्या रीती एकमेकींच्या अगदी उलट आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, असे माझे मत आहे.

अनेक ग्रंथालयांत वाचकाने पुस्तक परत केले की वाचक आणि पुस्तक यांचा दुवा यंत्रातून पुसला जातो. पुस्तक किती वेळा बाहेर गेले हे राहते, कोणी नेले ते राहत नाही. कारण उघड आहे : जे साठवलेलेच नाही, ते कोणाच्या दबावाखालीही देता येत नाही. अभिलेखागारात मात्र प्रतिबंधित पेटीसाठी मागणी-चिठ्ठी भरावी लागते, तिची स्थळप्रत पेटीच्या जागी मांडणीत उभी राहते, आणि पेटी परतल्यावरही चिठ्ठी फेकली जात नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या एका पेटीतील एक पत्र गहाळ झाले, तेव्हा गेल्या वीस वर्षांत ती पेटी केवळ तिघांनी मागवली होती, हे त्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांनीच सांगितले.

छापील पुस्तक वाचणारा कोणाच्या आयुष्यात डोकावत नसतो; म्हणून त्याचे वाचन निनावी राहू द्यावे. दुसऱ्याची बंद नोंद उघडणारा त्या घटकेला त्या माणसावर सत्ता गाजवत असतो, आणि सत्ता गाजवणाऱ्याने नाव लपवू नये. ‘निनावीपणा हवा की नको’ असा सरसकट प्रश्न विचारला की चर्चा गोल गोल फिरते. पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हे आधी ठरवावे.

पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची दप्तरे हे याचे टोकाचे उदाहरण आहे. मांडणीत शेजारी शेजारी उभी केली तर ती सुमारे १११ किलोमीटर भरतील इतकी आहेत. डिसेंबर १९९१ च्या कायद्याने नागरिकाला स्वतःवरची फाइल पाहण्याचा हक्क मिळाला, आणि तिच्यात टोपणनावाने खबर देणाऱ्याचे खरे नाव मागण्याचाही. काहींना त्या नावांत आपले मित्र सापडले, काहींना घरातली माणसे. म्हणून कित्येकांनी फाइल मागितलीच नाही, आणि त्यांचेही मला चुकीचे वाटत नाही.

रात्रपाळी :

अल्पविराम यांचा प्रतिसाद सुंदर आहे, पण ‘सत्ता गाजवणारा’ हा शब्द मला टोचला. मी डॉक्टर आहे. रात्री तीन वाजता बेशुद्ध अवस्थेत आलेल्या माणसाची जुनी नोंद मी उघडतो, तेव्हा मला सत्ता आठवत नाही, त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते हवे असते. काही प्रणालींत अशा वेळी एक लाल चौकट येते : ‘हा रुग्ण तुमच्याकडे नोंदलेला नाही, कारण लिहा.’ तिला आम्ही ‘काच फोडणे’ म्हणतो, आगीच्या घंटेवरची काच फोडावी तसे. तत्त्वतः ही सोय उत्तम आहे, कारण ती दार अडवत नाही, फक्त आवाज करते. प्रत्यक्षात घाईत सगळे जण ‘उपचारासाठी’ एवढाच शब्द टंकतात, आणि दिवसभर काचाच फुटत राहिल्या की तो आवाज कोणी ऐकेनासा होतो.

माझी खरी भीती वेगळी आहे. रुग्णाच्या हातात प्रत्येक पाहणाऱ्याचे नाव पडू लागले, तर नवखा डॉक्टर गरज असूनही नोंद उघडायला कचरेल. न पाहिल्याने झालेली चूक कोणत्याच लॉगमध्ये दिसत नाही.

कलमदान :

रात्रपाळी यांची भीती न्यायालयांनाही ठाऊक आहे. मी वकिली करतो. दोन निकाल सांगतो, दोन्ही फिनलंडमधून निघालेले.

पहिला मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाचा, १७ जुलै २००८ चा. एक परिचारिका ज्या रुग्णालयात नोकरी करत होती तेथेच तिच्यावर एचआयव्हीचे उपचार चालू होते. आपला आजार सहकाऱ्यांना कळला आहे असा तिला संशय आला, म्हणून आपली नोंद कोणी कोणी पाहिली हे तिने विचारले. उत्तर असे मिळाले, की प्रणालीत केवळ शेवटच्या पाच वेळांची माहिती राहते, तीही व्यक्तीनुसार नव्हे तर विभागानुसार, आणि फाइल दप्तरात परतली की तेवढेही पुसले जाते. देशातील न्यायालयांत ती हरली, कारण तिच्याकडे पुरावा नव्हता. युरोपीय न्यायालयाने हा युक्तिवादच उलटा फिरवला : पुरावा ज्याने ठेवायचा त्यानेच ठेवला नाही, मग तिच्याकडे तो कोठून येणार? नंतर भरपाई मागण्याची सोय असून भागत नाही, मुळात चोरून पाहता येऊ नये अशी व्यवस्था हवी, असे सांगून खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला गेला.

दुसरा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाचा, २२ जून २०२३ चा. बँकेचा एक कर्मचारी त्याच बँकेचा ग्राहकही होता आणि त्याच्या खात्याची माहिती सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पाहिली होती. त्याने पाहणाऱ्यांची नावे मागितली. न्यायालयाने सांगितले की केव्हा पाहिले आणि कशासाठी पाहिले, हे जाणण्याचा त्याला हक्क आहे. परंतु मालकाच्या सांगण्यावरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे, स्वतःचे हक्क बजावण्यासाठी ती अनिवार्य असल्याखेरीज आणि त्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांचा विचार केल्याखेरीज, मिळणार नाहीत.

मूळ धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला हे बऱ्यापैकी उत्तर आहे. नाव संस्थेपाशी असलेच पाहिजे. रुग्णाला ते आपोआप मिळेलच असे नाही.

अल्पविराम :

पहिल्या निकालातील परिचारिका आणि नोंदवहीताईंच्या रुग्णालयातील तो कर्मचारी यांच्यात मला काहीच अंतर दिसत नाही. त्यांना ‘केव्हा’ आणि ‘कशासाठी’ एवढेच सांगून काय उपयोग? कारणाच्या रकान्यात चोर ‘कुतूहल’ असे थोडेच लिहिणार आहे!

निरुत्तर :

तोही ‘उपचारासाठी’ असेच लिहील. स्वतःच्या.

तिसरी_प्रत :

सर्व जण पाहण्याविषयी बोलत आहेत, मी छापण्याविषयी बोलतो, कारण माझे आयुष्य छपाईयंत्रांच्या दुरुस्तीत गेले. पुष्कळशी रंगीत लेसर छपाईयंत्रे प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात, आणि त्यांत यंत्राचा अनुक्रमांक व छपाईची वेळ दडलेली असते. अशा एका संकेताची उकल २००५ मध्ये जाहीर झाली. निळ्या प्रकाशात भिंगाखाली धरले की ते काळपट दिसू लागतात, मी स्वतः पाहिले आहेत.

२०१७ मध्ये अमेरिकेतील एक गोपनीय अहवाल एका वृत्तसंस्थेकडे पोहोचला, तेव्हा तो माग मात्र याहून साध्या वाटेने निघाला. प्रतीवर घडीच्या खुणा दिसत होत्या, म्हणजे ती छापून बाहेर नेलेली होती. तो अहवाल कोणी छापला हे लॉगमध्ये पाहिले तर सहा जण निघाले, आणि त्या सहांपैकी एकाच व्यक्तीने कार्यालयातील संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेलने संपर्क साधलेला होता.

आडवाट :

हे वाचून मी माझे पहिले विधान मागे घेतो, निदान अर्धे. पण मग निनावी करून दिलेली माहिती तरी सुरक्षित ना? संशोधनासाठी रुग्णांच्या नोंदी देताना नावे काढून टाकतात, असे ऐकले आहे.

सात_पडदे :

नाव काढले म्हणजे माणूस निघून गेला, असे होत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून, पण जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक तसेच ठेवून, संशोधकांना दिल्या गेल्या. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी २० डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार त्या शहरात सहा होते, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या टपाल क्रमांकाच्या भागात राहणारे फक्त ते एकटे. नोंद सापडली.

२००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांचे शोध, नावांऐवजी क्रमांक लावून, संशोधकांसाठी खुले केले. पत्रकारांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागची वृद्ध स्त्री तिच्या घरी जाऊन गाठली. तिने स्वतःचे नाव कोठेही लिहिलेले नव्हते. आपले गाव, आपले आडनाव असलेली माणसे आणि आपली दुखणीखुपणी, एवढेच शोधले होते.

रात्रपाळी :

म्हणजे रुग्ण निनावी राहत नाही आणि पाहणारा नावानिशी सापडत नाही. व्यवस्था बरोबर उलटी बसवली आहे म्हणायची.

नोंदवही :

सर्वांचे आभार. काय झाले ते सांगते, कारण कुलूपकिल्ली यांनी सुचवलेले मी शब्दशः केले.

मूळ लॉग मिळवायला अकरा दिवस आणि दोन अर्ज लागले. त्यात संगणकाचा पत्ता तिसऱ्या खिडकीचा निघाला. सत्र सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी, मीच सुरू केलेले. त्या अहवालाच्या आधी एक पावती, नंतर दोन पावत्या. तळघराच्या दाराच्या कार्डयंत्रात मी २ वाजून ९ मिनिटांनी आत गेल्याची आणि २ वाजून ३१ मिनिटांनी बाहेर आल्याची नोंद होती. दोन्ही घड्याळांत ४० सेकंदांचा फरक निघाला, तोही त्यांनी लिहून घेतला. ते कार्डयंत्र बसवले तेव्हा आमच्यावर पाळत ठेवता म्हणून सर्वांत मोठा आवाज मीच केला होता, हे येथे कबूल करते.

खिडकीवर त्या वेळी कोण होते ते कामाच्या तक्त्यावरून ठरले. ते नाव मी लिहिणार नाही. पासवर्ड वाटल्याबद्दल मलाही लेखी ताकीद मिळाली आणि ती मी निमूटपणे घेतली.

कलमदान :

त्या कर्मचाऱ्याला काय कळवले?

नोंदवही :

‘चौकशी पूर्ण झाली आहे’, एवढेच. परवा तो स्वतः माझ्या खिडकीशी आला. भांडला नाही, आपली नोंद आजवर कोणी कोणी पाहिली त्याची यादी हवी, असे म्हणाला. आमच्याकडे दाखल्यांसाठी अर्जाचे सतरा नमुने आहेत, या मागणीसाठी एकही नाही. मी कोरा कागद पुढे केला, त्याने चार ओळी लिहिल्या, मी आवक क्रमांक घालून पोच दिली. आता तो कागद ज्यांच्या टेबलावर आहे त्यांनी मलाच विचारले आहे की याचे उत्तर कोणत्या तक्त्यात द्यायचे असते. तुमच्याकडे एखादा मसुदा असेल तर हवा आहे.

कलमदान :

आज रात्री देतो. तारीख, वेळ, विभाग आणि कारण हे चार रकाने नक्की धरा. नावाचा पाचवा रकानाही आखून ठेवा. तो भरायचा की कोरा सोडायचा, यावर अल्पविराम आणि रात्रपाळी यांचे अजून एकमत व्हायचे आहे.

रात्रपाळी :

या प्रकरणात भरा. पण सरसकट सगळ्यांसाठी नको, एवढे माझे अजूनही म्हणणे आहे.